ऐकून घेणे हाही उपचारच

घरात कुणाला टायफॉइड झाला की सारे घर कामाला लागते. एक जण डॉक्टरांकडे धावतो, दुसरा मोसंबी आणतो, शेजारच्या खाला तांदळाची पेज पाठवतात, जुम्म्याच्या नमाजनंतर दुआ मागितली जाते. पण त्याच घरातला बावीस वर्षांचा मुलगा दार लावून बसू लागला, रात्र रात्र जागू लागला आणि "गल्लीतले लोक माझ्याबद्दलच बोलतात" असे सांगू लागला, तर घराचा आवाज एकदम खाली जातो. पाहुण्यांना "परीक्षेचं टेन्शन आहे" असे सांगितले जाते. कुणी तावीज सुचवतो, कुणी लग्न. यात महिने निघून जातात.

हे एका-दोन घरांपुरते नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभर प्रौढांपैकी दहाहून अधिक जण त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने त्रस्त असल्याचे आढळले. आजाराच्या प्रकारानुसार त्यांतल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

ज्यांना उपचार मिळतात, त्यांच्यापैकी काहींना दवाखान्यात दाखल व्हावे लागते. तिथे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, औषध लिहून जातात. पण रुग्णाच्या आसपास रात्रंदिवस असते ती परिचारिका, आपली सिस्टर. रुग्ण का जेवला नाही, रात्री कुणाशी बोलत होता, गोळी गिळली की गालात धरून ठेवली, भेटायला आलेल्या भावाला पाहून का थरथरला, हे तिलाच आधी कळते. तिच्या हातात इंजेक्शन असते, पण तिचे रोजचे मुख्य साधन म्हणजे तिचे बोलणे आणि ऐकणे. ती काय बोलते, काय टाळते आणि रुग्णाच्या वतीने किंवा रुग्णासोबत निर्णय कसे घेते, हे घरच्यांनी समजून घेतले, तर डिस्चार्जनंतरचे पुष्कळ दुःख टळू शकते.

'शुश्रूषा' शब्दातच ऐकणे आहे

रुग्णसेवेला मराठीत आपण शुश्रूषा म्हणतो. या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. मनाच्या आजारात हा अर्थ अगदी शब्दशः लागू पडतो.

आधुनिक काळात हा विचार शास्त्र म्हणून मांडला तो हिल्डगार्ड पेप्लॉ या अमेरिकन परिचारिकेने. दुसऱ्या महायुद्धात तिने लष्कराच्या परिचारिका दलात काम केले. १९५२ साली तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हीच उपचाराची जागा आहे, असे तिने त्यात सांगितले. हे नाते आपोआप तयार होत नाही. सुरुवातीला दोघे एकमेकांना परके असतात. मग ओळख होते, विश्वास बसतो, त्या विश्वासाच्या आधारे काम होते आणि शेवटी रुग्ण स्वतःच्या पायावर उभा राहिला की हे नाते सन्मानाने संपते. सिस्टर ही रुग्णाची मैत्रीण नसते, आई नसते आणि पहारेकरीही नसते.

म्हणूनच चांगली सिस्टर पहिल्या भेटीत आपले नाव सांगते, आपली ड्युटी किती वाजेपर्यंत आहे ते सांगते आणि "संध्याकाळी चार वाजता पुन्हा येते" म्हणाली, तर चार वाजता येते. ज्या माणसाला सारे जग आपल्याविरुद्ध कट करते आहे असे वाटते, त्याच्यासाठी दिलेला शब्द पाळणारी एक व्यक्ती भेटणे ही मोठी गोष्ट असते.

काय बोलावे, काय टाळावे

समजा, रुग्ण म्हणतो, "भिंतीतून आवाज येतो. मला शिव्या देतो."

घरी आपण साधारण दोन उत्तरे देतो. एक, "काहीतरीच काय, कुठे आहे आवाज?" आणि दुसरे, त्याला बरे वाटावे म्हणून, "हो हो, मीपण ऐकला." पहिल्या उत्तराने तो एकटा पडतो. दुसऱ्याने त्याचा भ्रम पक्का होतो. प्रशिक्षित सिस्टर तिसरी वाट धरते. ती म्हणते, "मला तो आवाज ऐकू येत नाही. पण तुम्हाला येतोय आणि त्याची भीती वाटतेय, हे मला दिसतंय." यात खोटे काही नाही आणि अपमानही नाही. त्यानंतर ती शांतपणे विचारते, "तो आवाज तुम्हाला काही करायला सांगतो का?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आवाज जर "उडी मार" किंवा "त्याला मार" असे सांगत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना ताबडतोब कळवावी लागते.

दुसरे उदाहरण. बाळंतपणानंतर किंवा नोकरी गेल्यावर खचलेला माणूस म्हणतो, "जगून काय करू?" आपण घाबरून विषय बदलतो. सिस्टर विषय बदलत नाही. ती स्पष्ट विचारते, "जीव द्यावा असा विचार मनात येतो का? कसा द्यायचा हेही ठरवलंय का?" असे विचारल्याने त्या विचाराचे बी मनात पडते, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी न घाबरता विचारले याचा रुग्णाला आधार वाटतो आणि धोका किती आहे याचा अंदाज येतो. मग त्याला एकटे न सोडणे, गोळ्या, कीटकनाशक, दोर, धारदार वस्तू दूर ठेवणे आणि तातडीने तज्ज्ञाकडे नेणे, हे पुढचे निर्णय घेता येतात.

काही वाक्ये सिस्टरला शिक्षणातच टाळायला शिकवतात. "सगळं ठीक होईल" हे खोटे आश्वासन. "असं का केलंस?" हा जाब विचारणारा प्रश्न. "तुझ्यापेक्षा किती जण दुःखात आहेत" ही तुलना. "मी तुझ्या जागी असते तर" हा न मागितलेला सल्ला. त्याऐवजी ती उघडा प्रश्न विचारते, "काल रात्री काय झालं ते सांगाल?" ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करून घेते. कधी काहीच बोलत नाही, नुसती बाजूला बसून राहते.

भाषेचाही प्रश्न आहे. कोकणातल्या घरात बाणकोटी बोलली जाते, मराठवाड्यात दखनी, शाळा मराठीतून किंवा उर्दूतून झालेली. रुग्ण म्हणतो, "दिल घबराता है", "सर में गरमी चढ़ती है". मराठी बोलणाऱ्या सिस्टरने याचा अर्थ गृहीत धरला, तर हृदयाचा त्रास समजून भलतीच धावपळ होऊ शकते, किंवा खरा हृदयाचा त्रास 'मनाचे खेळ' म्हणून सुटूही शकतो. चांगली सिस्टर विचारते, "घबराता है म्हणजे नेमकं काय होतं? कधी होतं?" घरच्यांनीही इथे मदत करावी, मात्र रुग्णाच्या तोंडचे उत्तर आपण देऊ नये.

"ईमान कमजोर आहे" असे म्हणू नका

आपल्या घरांत नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला हमखास ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे, "नमाज पढ, ईमान मजबूत कर, सगळं जाईल." म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्याला सकाळी अंथरुणातून उठण्याचेही बळ नाही, त्याच्या कानावर हे वाक्य "तू गुन्हेगार आहेस" असे पडते. नैराश्यात अपराधी वाटणे हे आजाराचेच एक लक्षण असते. आपण त्यात भर घालतो.

मधुमेहाच्या रुग्णाला आपण ईमानाबद्दल बोलत नाही. मनाच्या आजाराला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही. मुस्लिम विद्वानांनी हे फार पूर्वी ओळखले होते. इ. स. ९३४ मध्ये निधन पावलेले अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला आणि कारण ठाऊक असलेले दुःख व कारण ठाऊक नसलेले दुःख यांत फरक केला. दमास्कसमध्ये ११५४ साली नूरुद्दीन यांनी आणि कैरोत १२८४ साली सुलतान कलावून यांनी उभारलेल्या बीमारिस्तानांत मनाच्या रुग्णांसाठी जागा होती. तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात सुलतान दुसरा बायजीद यांनी १४८८ मध्ये पूर्ण केलेल्या रुग्णालयात पाण्याचा आवाज आणि संगीत यांचा उपचारासाठी उपयोग केला जाई. आज तिथे आरोग्य संग्रहालय आहे.

या परंपरेशेजारीच आपल्या देशातली एक तारीख आठवावी लागते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खासगी निवासात आग लागली. तिथे ठेवलेल्या मानसिक रुग्णांना साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण दगावले. त्यांना तिथे आणून सोडणारे बहुतेक त्यांचेच नातेवाईक होते. शिफा मिळेल या आशेने त्यांनी आणले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

मग दुआ सोडायची का? मुळीच नाही. रुग्ण किंवा त्याची अम्मी म्हणाली, "याला जिन्न लागलाय", तर समजूतदार सिस्टर हसत नाही आणि वादही घालत नाही. ती म्हणते, "तुम्ही दुआ चालू ठेवा. त्याची झोप, भूक आणि भीती यांवर औषध आहे, ते आम्ही देतो. दोन्ही सोबत चालू दे." गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात याच विचाराने 'दवा आणि दुआ' उपक्रम चालला. दर्ग्याच्या मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले आणि आलेल्या रुग्णांना तिथल्याच डॉक्टरांकडे पाठवण्याची व्यवस्था झाली. आपल्या गावातल्या मौलानांनाही हे सहज करता येईल. "आधी डॉक्टरांना दाखवा, मग माझ्याकडे या" हे एक वाक्य त्यांच्या तोंडून निघाले, तर कित्येकांची वर्षे वाचतील.

डाळीत मिसळलेली गोळी

आता निर्णयाचा प्रश्न. रुग्ण औषध घ्यायला तयार नाही. घरच्यांचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे गोळी कुटून डाळीत किंवा चहात मिसळणे. हे अनेक घरांत चालते आणि प्रेमापोटीच चालते. पण त्याचा परिणाम पाहा. ज्याला आधीच "मला विष घालतात" असा संशय आहे, त्याला एक दिवस पेल्याच्या तळाशी पांढरी भुकटी सापडते. आता त्याचा संशय खरा ठरला. तो घरचे जेवण सोडतो आणि औषधाची उरलीसुरली आशाही संपते. शिवाय काही गोळ्या कुटायच्याच नसतात, अर्धा चहा टाकून दिला तर डोस किती गेला हे कळत नाही आणि शरीरावर काय दुष्परिणाम होतो हे रुग्ण सांगू शकत नाही, कारण आपण काही घेतो आहोत हेच त्याला ठाऊक नसते. डॉक्टरांपासून लपवून हे कधीच करू नये.

सिस्टर इथे काय करते? ती आधी नकाराचे कारण शोधते. समजा, रुग्ण रिक्षाचालक आहे.

"आज गोळी नको म्हणालात. गोळीने काय त्रास होतो?"

"हात कापतात, सिस्टर. जीभ जड होते. माझ्या रिक्षात कोण बसणार?"

हा नकार वेडेपणाचा नाही. हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. सिस्टर स्वतः डोस बदलू शकत नाही. पण ती हे नोंदवहीत लिहिते, डॉक्टरांना सांगते. डॉक्टर डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा थरथर थांबवणारी गोळी देतात. मग ती रुग्णाला पर्याय समजावते: गोळी रात्री घ्यायची की महिन्यातून एकदा इंजेक्शन घ्यायचे. काही औषधे अशा इंजेक्शनच्या रूपात मिळतात. निवड त्याची असते, म्हणून ती टिकते. पुरुषांच्या बाबतीत आणखी एक कारण असते, जे ते घरात कुणालाच सांगत नाहीत. काही औषधांनी लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होते. नवविवाहित तरुण अचानक गोळ्या बंद करतो, त्यामागे बरेचदा हेच असते. एकांतात, न लाजवता विचारले तर तो सांगतो आणि त्यावर उपाय असतो.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचा पाया असा की मानसिक आजार आहे म्हणून माणसाचा निर्णयाचा हक्क आपोआप संपत नाही. आपल्या आजाराची व उपचाराची माहिती त्याला समजते का, निर्णयाचे परिणाम कळतात का आणि आपला निर्णय तो बोलून, खुणेने किंवा अन्य प्रकारे सांगू शकतो का, एवढेच पाहायचे असते. त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून तो निर्णय घेण्यास असमर्थ ठरत नाही.

घरच्यांना उपयोगी अशा काही तरतुदी पाहा:

- कोणतीही प्रौढ व्यक्ती, ती आज ठणठणीत असली तरी, "मला मानसिक आजार झाला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत" हे आगाऊ लिहून ठेवू शकते. तातडीच्या उपचारांना मात्र हे बंधन लागू नसते.
- साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो नवरा किंवा बापच असला पाहिजे असे नाही. बहीण, मामा, विश्वासू मैत्रीणही चालते.
- स्वतःच्या इच्छेने दाखल झालेल्या प्रौढाला सामान्यतः स्वतःच्या इच्छेने घरी जाता येते.
- गंभीर अवस्थेत, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल किंवा स्वतःची काळजी घेणे अशक्य झाले असेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळे तपासल्यावर, सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस दाखल करता येते.
- भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास मनाई आहे.
- आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे कायदा धरून चालतो. तिला शिक्षा करायची नाही, तिची काळजी घ्यायची आहे. पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला घरीच लपवून ठेवू नये.

वॉर्डातली अवघड वेळ

रात्री अकरा वाजता एखादा रुग्ण ओरडू लागतो, टेबल उलथतो. या वेळी सिस्टरला मिनिटभरात निर्णय घ्यायचा असतो. ती काय करते, हे घरीही उपयोगी पडेल. ती इतर रुग्णांना बाजूला करते. दोन हातांचे अंतर ठेवून उभी राहते. दाराची वाट रुग्णालाही मोकळी आणि स्वतःलाही मोकळी ठेवते. चौघे एकदम बोलत नाहीत, एकच माणूस बोलतो. वाक्ये छोटी, आवाज खालचा. "तुम्ही चिडलात हे कळतंय. इथे कुणी तुम्हाला मारणार नाही. पाणी हवंय की थोडं बाहेर बसायचं?" अशी निवड समोर ठेवते. त्यानंतर तोंडाने घ्यायची गोळी देऊ करते. बळाने धरणे हा अखेरचा उपाय. कायद्यानुसार तोही फक्त लगेच होणारी इजा टाळण्यासाठी आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने करता येतो. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधता येत नाही.

प्रसंग निवळल्यावर काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टर त्याच्याशी बोलते, "काल कशाने एवढा राग आला? पुन्हा तसं वाटू लागलं तर आम्ही काय करावं?" पुढच्या वेळचा निर्णय असा आधीच, दोघांनी मिळून झालेला असतो.

चिल्ल्यातली आई

बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस, म्हणजे चिल्ला, बाई घरात असते, माणसांच्या गराड्यात असते आणि तरीही तिचे मन कुणाला दिसत नाही. पहिल्या आठवड्यात थोडे रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते ओसरते. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, झोप उडाली, तर ते नैराश्य असू शकते. त्याहून गंभीर अवस्था हजार बाळंतिणींमध्ये एक-दोघींना होते आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होते. बाई अचानक असंबद्ध बोलू लागते, मुळीच झोपत नाही, हे बाळ माझे नाही किंवा बाळात सैतान आहे असे म्हणते. घरचे याला 'असर' म्हणून झाडफुंक करत बसतात. ही तातडीची वेळ आहे. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाईला बाळाजवळ एकटे ठेवू नये. वेळेवर उपचार मिळाले तर ती बरी होते.

अशा वेळी सिस्टर सासू आणि नवरा यांना थोडा वेळ बाहेर बसवते आणि बाईशी एकटीने बोलते. यात घरच्यांचा अपमान नाही. मारहाण, मुलगी झाली म्हणून टोमणे, माहेरी जायची बंदी या गोष्टी बाई सर्वांसमोर सांगणार नाही. तपासताना स्त्री परिचारिका हवी अशी विनंती करायला संकोचू नये. आणि हेही ठाऊक असावे की दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल, त्याला धोका नसेल तर, सामान्यतः वेगळे करायचे नाही असे कायदा सांगतो.

मुलीच्या निकाहाआधी एक गोष्ट डॉक्टरांना अवश्य विचारावी. व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला अपाय करू शकते. ती ते घेत असेल, तर स्वतःहून बंद करू नये, पण डॉक्टरांशी वेळेत बोलून बदल करून घ्यावा. लग्न हा आजारावरचा इलाज नाही. आजार लपवून लावलेल्या लग्नात औषधेही लपवावी लागतात, मग ती चुकतात आणि आजार उलटतो.

रमजान आणि गोळ्या

दर वर्षी रमजानमध्ये अनेक रुग्ण कुणालाही न विचारता औषध थांबवतात. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजातून सवलत दिलेली आहे. तरीही "सगळे रोजे ठेवतात, मीच कसा नाही?" हे दुःख खरे असते आणि ते सिस्टरने व घरच्यांनी समजून घ्यायला हवे.

निर्णय शाबान महिन्यातच, डॉक्टरांसोबत घ्यावा. काही औषधे सहरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतात. लिथियमच्या बाबतीत मात्र विशेष सावध राहावे. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. उलट्या, जुलाब, हात जोरात कापणे, बोबडे बोलणे, चालताना झोक जाणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. ती दिसली तर रोजा सोडून लगेच दवाखान्यात जावे. ज्यांना उन्मादाचे झटके येतात त्यांच्यासाठी झोपमोड हीच धोक्याची असते. तरावीह, सहरी आणि दिवसाची नोकरी यांत झोप तीन-चार तासांवर आली, तर औषध चालू असूनही झटका येऊ शकतो. डॉक्टरांनी रोजा नको म्हटले, तर त्या माणसाला इफ्तारच्या दस्तरखानावर सर्वांसोबत बसवा, फळे कापायचे काम द्या. तो त्या महिन्यात एकटा पडता कामा नये.

घरी परतल्यावर

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण घरी परतल्यावर काय होते याचा बारकाईने अभ्यास केला. ज्या घरांत सतत टीका होते, द्वेषाने बोलले जाते किंवा काळजीपोटी रुग्णाचा श्वासही मोजला जातो, तिथे आजार जास्त वेळा उलटतो, असे त्यांना दिसले. पुढे चंदीगडमध्ये असाच अभ्यास झाला, तेव्हा तिथल्या कुटुंबांत टीकेचे प्रमाण लंडनपेक्षा कमी आढळले. आपल्या मोठ्या, गजबजलेल्या घरांत सांभाळून घेण्याची ताकद आहे. ती टोमण्यांत वाया जाऊ नये.

म्हणून घरी एवढे करता येईल. औषध, झोप आणि पुढची तारीख या तीनच गोष्टींची विचारणा रोज एकाच माणसाने करावी, सहा जणांनी नाही. "आळशी" न म्हणता लहान काम द्यावे, जसे दूध आणणे, लहान भावंडाला मदरशात सोडणे. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलू नये. तो बरा असताना बसून एका कागदावर लिहून घ्यावे: आजार उलटू लागला की आधी कोणती लक्षणे दिसतात, तेव्हा कुणाला फोन करायचा, कोणत्या दवाखान्यात जायचे. मोठे निर्णय, म्हणजे घर विकणे, तलाक, नोकरी सोडणे, आजाराच्या भरात घेऊ देऊ नयेत. ते पुढे ढकलावेत, पण त्याच्या पाठीमागे आपणही घेऊ नयेत. आणि जो सर्वांत जास्त सांभाळतो, बहुधा अम्मी किंवा बायको, तिलाही आठवड्यातून एक दुपार सुट्टी द्यावी.

मदत जवळ आहे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येते. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची चौकशी करावी.

मदिनेत मशिदीजवळ तंबू उभारून जखमींची सेवा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव आपण मुलींना अभिमानाने सांगतो. बारावीनंतर एखादी मुलगी नर्सिंगला जायचे म्हणाली, तर रात्रपाळी आणि बिरादरीची बोलणी आठवून तिला थांबवू नका. आपली भाषा, आपला चिल्ला, आपला रमजान जाणणारी सिस्टर वॉर्डात असणे ही आपल्याच घरांची गरज आहे. अल्लाह सर्व आजारी माणसांना शिफा देवो आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना सब्र देवो. आमीन.